ओडीला उत्तर

झिओने,

मक्याच्या पिठाची न्सिमा झाकून ठेवलीय, सुकी मासळी तेवढी गरम करून घे. मी दिसले नाही म्हणून शेजारपाजार गोळा करू नकोस. चिपेटा मावशींकडे गेलेय. ज्यांच्या घरात चोर शिरले अशा बायका मंगळवारी त्यांच्या अंगणात बसतात. तिथे जा म्हणून तू तीनदा सांगितलंस, मी तीनदा तुझ्यावर खेकसले. ते मनात ठेवू नकोस.

चूक माझी नव्हती, असं तू म्हणतेस. पण त्या दुपारी दाराबाहेरून "ओडी", येऊ का, अशी हाक आली आणि मी भाजी निवडता निवडता "ओडिनी, या" म्हटलं. कोण आहे, असं आपल्यात कुणी विचारतं का? त्या चोरांना मीच आत बोलावलं, झिओने. तेव्हापासून दारात कुणी ओडी म्हटलं की मी पलंगामागे जाऊन बसते, माणूस निघून जाईपर्यंत. आता कुणी येतही नाही.

उद्यापासून तुझी किल्ली वापरू नकोस. दाराबाहेर उभी राहा आणि ओडी म्हण. मी उत्तर देईन. वेळ लागेल, पण तू जाऊ नकोस.

ताई