वाटीतलं मीठ

ताई,

आधी रागावून घे. पत्र पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहितेय.

माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा खिडकीत मांडलेले माझे दगड आणि पीस पाहून तू म्हणालीस, "शिकलेली बाई तू, आणि ही चेटूकगिरी?" मी दिवसभर चष्म्याची भिंगं घासते, पण कुणाच्याच देवात मला काही दिसलं नाही. दुकानामागच्या झाडाला टेकले, तेव्हा मात्र आई गेल्यापासून अडकलेलं रडू मोकळं झालं. तिथून माझी वाट सुरू झाली. मंत्र माझेच, त्यामुळे चुकले तरी कान धरणारं कुणी नाही. हे सगळं तुला सांगितलं, तर तू दगड उचलून कचऱ्यात टाकलेस.

तू निघायच्या दिवशी मी वाटीत चिमूटभर मीठ घेतलं, त्यावर मंत्र पुटपुटले, वाटी ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेले. तुला कुठलं स्वस्थ बसवतंय! बाहेर येईपर्यंत तू ते मीठ भाजीत घालून मोकळी.

"कशाला काढलं होतंस गं?"

"चवीला," मी म्हटलं.

दोघी जेवलो. मग ताटात बोट फिरवत तू हळूच विचारलंस, "त्या झाडापाशी आई आठवते का गं तुला? पुढच्या महिन्यात आले की मलाही ने."

मी हो म्हटलं. ते मीठ तू गेल्यावर उंबऱ्यावर टाकायचं होतं, तू पुन्हा या घरात पाऊल ठेवू नयेस म्हणून.

लवकर ये.

तुझीच,
चेटकीण