पिशवीचं काम

कारखान्याचा तळ, कृष्णाकाठ
दि. ४ डिसेंबर २०२४

ति. सुनिताअक्कास,
मनिषाचा शि. सा. न. वि. वि.

आमी सगळे इथं खुशाल हाय, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. फोन ह्यांच्या खिशात असतो, आन हे बोलणं ह्या पाचटाच्या कोपीतल्या चार बायकांपुढं करण्यासारखं न्हाई. म्हणून चिठ्ठी. उत्तर मुकादमाच्या पत्त्यावर टाकू नको, तो फोडून वाचतो. खालच्या पत्त्यावर टाक, ते मुक्ताबाई दुकानवालीचं हाय, बाई भली हाय.

अक्का, मला दिवस गेलेत. दोन पाळ्या चुकल्या. मला हे लेकरू नकोय. धाकट्या अंजूच्या वेळी बाराव्या दिवशी उसाची मोळी उचलली, ते अंग अजून भरलं न्हाई. आता मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यापुढं अंधारी येतीय. हे म्हणतात, तुला वाटंल तसं कर, पण लई खाडे करू नको. सासूला कळवलं न्हाई. तिला नातवाची लई आस, ती मला सोडायची न्हाई.

तू गावची आशाताई, तुला सगळं ठावं. कुठं जाऊ, काय बोलू, ते सांग. इथं एका खाजगी दवाखान्यात सरकारी योजनेचं कार्ड चालतं म्हणं. त्यात हे बसतं का? दिवस चाललेत, उत्तराला उशीर करू नको. मीटिंगीत बिस्किटं खातीस, तशी बहिणीकडं बी बघ जरा.

पोरीला पापा. माया हाय तशीच ठेव.
तुझी मनी

शिरूर कासार
दि. १२ डिसेंबर २०२४

सौ. मनिषास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी थोरली माझ्याकडं ठीक आहे. पाढे म्हणते, पण सतरा नव्वेला हमखास अडते, अगदी तुझ्यासारखी. बिस्किटांचं म्हणशील तर सहा महिन्यांत दोनदा मिळाली, तीही सादळलेली.

परवा तालुक्याला त्या योजनेचीच बैठक होती. योजनेत नवीन काय घालायचं, ते विचारत होते. कुणीतरी गर्भपाताचं नाव काढलं आणि तासभर नुसती खडाजंगी. एक पुढारी टेबलावर हात आपटून म्हणाले की सरकारी पैशानं गर्भपात म्हणजे पोटातल्या पोरी मारायला मोकळं रान. आपला जिल्हा एकदा बदनाम झालाय, तेवढं पुरे. एक वयस्कर सिस्टर उठल्या. ज्या बाईला कायद्यानं हक्क आहे तिनं काय पोट आवळून बसायचं, असं त्यांनी विचारलं. त्यांना कुणी पुढं बोलूच दिलं नाही. साहेबांनी सूचना लेखी द्या म्हणून सांगितलं आणि चहा मागवला. मी मूग गिळून बसले होते, मने. कंटाळा आलाय ह्या सगळ्याचा.

सरकारी दवाखान्यात हे फुकट होतं. पण आपल्या इथल्या डॉक्टरबाई स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर आहेत आणि त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही. दुसरीकडं पाठवलं तर दोन पोरींवरची बाई म्हणून चार ठिकाणी चौकशा होतील, आणि तोवर तुझे दिवस भरत जातील. तेव्हा तिकडच्या त्या खाजगी दवाखान्यातच उरकून घे. एक मात्र ध्यानात ठेव. गर्भपात हा शब्द तोंडातून काढू नको. दोन पोरींच्या आईनं तो उच्चारला की पोरगी होती म्हणूनच पाडली, असं लोक धरून चालतात. पिशवीचं काम आहे, एवढंच सांग. गर्भाच्या पिशवीबद्दल आपण बायका तसंच बोलतो, डॉक्टरला बरोबर कळतं.

आदिनाथरावांना सोबत ने. झाल्याबरोबर कळव, माझा जीव टांगणीला आहे. आठवण ठेवतेस, तशीच ठेवत जा.
तुझी अक्का

कारखान्याचा तळ
दि. २ जानेवारी २०२५

ति. अक्कास,
मनीचा दंडवत. वि. वि.

झालं बाई एकदाचं. तू सांगितलं तसंच बोलले, एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाई. सोनोग्राफी झाली, मग काउंटरवरल्या माणसानं ह्यांना बाजूला घेतलं. नुसतं खाली करणं कार्डात बसत न्हाई, पिशवीचं बसतं, तर कागदावर पिशवीचंच लिहितो, असं म्हणला म्हणं. मला तर देवमाणूस भेटल्यासारखं झालं. गरिबासाठी कागदावर एवढं कोण करतं? ह्यांनी सही केली. मी बी अंगठा न्हाई लावला, नववी पास हाय म्हणून सांगितलं आन पूर्ण नाव लिहिलं.

पाच दिवस ठेवलं. पोटावर आडवे टाके घातलेत, हसलं की ओढ बसती. शेजारच्या कोपीतली म्हणती, तिचं खाली केलं तवा टाके कावून न्हाई पडले? मी म्हणलं, हा दवाखाना मोठा, कसून करत असतील. निघताना हातात कार्ड धरून माझा फोटो बी काढला.

अजून कोयत्याला हात लावला न्हाई. मुकादम रोज कोपीपुढं येऊन कुरकुरतो. एक विचारायचं राहिलं, अक्का. आता पाळी कवा सुरू व्हती? लाज वाटली, तिथं विचारलं न्हाई. कागद सगळा इंग्रजीत हाय, झेरॉक्स सोबत जोडलीय, वाचून कळव.

तुझ्यामुळं सुटले बघ. लोभ हाय त्यात भरच पडू दे.
तुझी मनी

शिरूर कासार
दि. ११ जानेवारी २०२५

मने,

आशीर्वाद लिहायचं तोंड नाही मला.

कागद वाचला. माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्या वयस्कर सिस्टरांकडं नेला. त्यांनीही दोनदा वाचला. त्या माणसानं कागदावर जे लिहिलं, तेच त्यांनी केलंय. तुझी पिशवीच काढलीय, गर्भासकट. तुला आता पाळी येणार नाही. वाट बघू नको.

एकोणतीस वर्षांची तू. त्या दवाखान्याला शिव्या द्याव्यात तेवढ्या थोड्याच, आणि मी तक्रार करणार आहे. त्यावर तुझी सही लागेल. पण पिशवी हा शब्द तुझ्या तोंडात मी घातला. तुझ्या भल्यासाठी म्हणून लिहिलं होतं, ते निम्मंच खरं. गावात आशाताईची बहीण पाडायला गेली, असं झालं असतं, त्याचीच मला भीती होती. तू सरळ शब्दात मागितलं असतंस, तर नाही म्हणाले असते, परत धाडलं असतं. तू दुसरीकडं गेली असतीस. पिशवी तरी राहिली असती.

काल लेखी सूचना घेऊन तालुक्याला गेले. गर्भपात हा शब्द मोठ्या अक्षरात लिहिला होता. मुदत डिसेंबरअखेर संपली, असं कारकून म्हणाला. तरी ठेवून आले.

तीन महिने मोळी उचलायची नाही. मुकादमाला माझं नाव सांग, मी बोलते त्याच्याशी. राग धर माझा, शिव्या दे, पण लिहायचं थांबवू नको.
सुनिता