जावईबापूंची खोली

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक कुंडी आणि रस्ताभर मांडीवर सांभाळलेला आरसा, सगळं धड आलं. आत्या दारातच उभी होती. वाळलीस गं, म्हणाली आणि माझ्या हातातली जड बॅग हिसकावून जिना चढायला लागली. सत्तरीची बाई ती, पण धाप मला लागली. घर आटोपशीर आहे. मागे स्वयंपाकघर आणि अंधारी छोटी खोली, मध्ये मी, पुढे रस्त्याच्या बाजूला आत्या. तिच्या खोलीत सकाळपासून छान ऊन असतं.

उद्यापासून प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून रुजू व्हायचं. दादा म्हणाला, ही नोकरी तरी टिकव. घरात माझं नावच धरसोड पडलंय. बघाच आता.

६ तारीख, गुरुवार

दवाखान्यात आज एक काचेची पेटी आली. कोणीतरी घर रिकामं करताना आपला पाळीव सरडा तसाच टाकून गेलं होतं. गळ्याखाली काटेरी दाढी असलेला, हातभर लांब. डोळे खोल गेलेले, पाय थरथरणारे, जबडा रबरासारखा मऊ. जुनी कात बोटांवर चिकटून तिच्या घट्ट अंगठ्या झालेल्या. काउंटरवरच्या ताईंनी टाकून जाणाऱ्याचा यथेच्छ उद्धार केला, मीही हातभार लावला. डॉक्टर म्हणाले, आशा कमीच, घरी नेऊन कोणी जिवापाड केलं तरच. मी नेते, असं माझ्या तोंडून निघूनही गेलं.

आत्यानं आधी नाक मुरडलं. मग स्वतःची गादी उचलून मागच्या खोलीत नेली. ऊन पुढे येतं ना, मग आजाऱ्यानं पुढेच राहावं, म्हणाली. वर हसत, पोटी मुलगी नाही तरी जावई आला म्हणायचा! तेव्हापासून तो जावईबापू.

१० तारीख, सोमवार

खाल्लं! चिमट्यात धरलेला रातकिडा, कॅल्शियमच्या पुडीत घोळवलेला, जावईबापूंनी मटकावला. मी आनंदानं ओरडलेच. सकाळी मी त्याला कोमट पाण्यात बसवते, ओल्या कापसानं बोटांवरची कात भिजवते. ओढायची नाही, नाहीतर बोटच हातात येतं. मी कामावर गेले की आत्या त्याच्याजवळ बसते, गप्पा मारते. तिलाही सोबत झाली.

१४ तारीख, शुक्रवार

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हिच्या हाताला गुण आहे. आजवर मला असं कोणी काही म्हटलेलं नाही. घरी येईपर्यंत तेच वाक्य मनात घोळवत होते.

जबडा घट्ट झालाय, अंगावर केशरी झाक आलीय. आत्या मात्र शाल पांघरून बसलेली. मागच्या खोलीत गारठा फार, म्हणते. हवा बदलली असेल.

१८ तारीख, मंगळवार

आत्याच्या बोटांवर कोरड्या कातडीची वलयं आहेत. अंगठ्यांसारखी. तिला वाटतं साबणामुळे. मी ओला कापूस घेऊन बसले आणि हात आपोआप चालू लागले. ओढायचं नाही, भिजवायचं. तिचं बोट माझ्या हातात थरथरत होतं.

पुढच्या खोलीतून जावईबापू एकटक बघत होते.

१९ तारीख, बुधवार

तपासणीसाठी त्याला आज दिवसभर दवाखान्यात ठेवलं. दुपारपासून तो मलूल, मान टाकलेली. डॉक्टर म्हणाले, जागा बदलल्यामुळे.

घरी आले तर आत्या स्टुलावर चढून माळा आवरत होती! गाणं गुणगुणत. मी पेटी पुढच्या खोलीत ठेवली. आत्यानं आत डोकावून, आलात का जावईबापू, म्हटलं. थोड्या वेळानं तो तरतरीत होऊन खायला लागला, आणि आत्यानं शाल मागितली.

मला कळलं. कळलं नाही असं निदान इथे तरी लिहिणार नाही.

२० तारीख, गुरुवार

त्याला परत घ्या, असं सांगायचं ठरवून निघाले होते. दवाखान्याच्या दारावर सूचना लावलेली — शनिवारी त्याला बघायला लोक येणार, त्याला कसं जगवलं ते मी सांगायचं. तो जगल्याचं मी दादालाही आधीच कळवून टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं, शाब्बास, जिंकलंस.

शनिवारपर्यंतच. दोन दिवसांनी काय होतंय?

आत्याला आज चावताना त्रास होत होता. मी भात मऊ करून दिला. तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. लाज वाटते. तरीही पेटी हलवली नाही.

२२ तारीख, शनिवार

टाळ्या वाजल्या. खूप. सकाळभर आत्यापासून दूर, माझ्या खांद्यावर बसला होता, तरी मलूल झाला नाही. आता पोट भरलंय त्याचं.

परत आले तर आत्या मागच्या खोलीत नव्हती. पुढे, जमिनीवर, त्याला ऊब द्यायला लावलेल्या दिव्याखाली पालथी. ऊब शोधत सरपटत गेली असणार. मी चमच्यानं पाणी धरलं. तिनं तोंड उघडलं, जबडा एका बाजूला —

आणि मी सवयीनं म्हणाले, शाब्बास जावईबापू.

तिला ऐकू गेलं.

२४ तारीख, सोमवार

इस्पितळात आत्या सुधारते आहे. तिथल्या डॉक्टरांना कारण सापडत नाही. मला माहीत असूनही मी तोंड उघडलं नाही. आज ती पेज प्यायली, माझा हात धरला आणि बोलली. विचारलं काय, तर जावई उपाशी नाही ना?

मी तोंड फिरवलं. बाहेर जिन्यात बसून रडले. नालायक आहे मी.

२५ तारीख, मंगळवार

काल रात्री तो मरगळला होता. आज टवटवीत.

माझ्या अंगठ्यावर एक वलय आहे.

त्याची पेटी उचलून दूर कुठेतरी ठेवून यावी, असं आलं मनात. मग आठवलं. ज्याला आम्ही एवढ्या शिव्या घातल्या त्यानं हेच केलं होतं. त्याला माहीत होतं. निदान त्यानं सरडा कोणाच्या हातात तरी दिला नव्हता.

पण मी टाकला तर सगळे मला तेच म्हणतील. हाताला गुण असलेली ती — तिनंच —

२६ तारीख, बुधवार

पेन धरवत नाही. थंडी. भाकरी चावताना जबडा —

काउंटरवरच्या ताईंचा फोन. त्यांच्या छोट्या मुलीला शनिवारपासून त्याचाच ध्यास. आत्या बरी होईपर्यंत आम्ही सांभाळू का, तुझी ओढाताण होते. किती चांगल्या आहेत त्या.

हो म्हणाले. लगेच म्हणाले.

आत्या येईल तेव्हा घर मोकळं हवं ना. आत्यासाठीच. नाही — खोटं आहे. माझ्यासाठी.

ताईंना सांगायचं. सगळं. मुलीला जवळ बसू देऊ नका, म्हणून. मग त्या नेणार नाहीत. मग तो इथेच —

जिन्यात पावलं. छोटी पुढे धावत येतेय, हसतेय.

सांगते. नक्की सांगते. फक्त आधी पेटी त्यांच्या हातात —