पलीकडची रेती

ब्रह्मा घाट, वाराणसी
९ डिसेंबर

प्रिय मुक्ता,

फोनवर तू 'सगळे बरे ना' एवढंच विचारतेस, मी 'बरे' म्हणते आणि आपण फोन ठेवतो. आज मला नुसतं 'बरे' म्हणवत नाही, म्हणून कागद घेतला. आधीच सांगते, आई आत्ता ठीक आहेत, समोर बसून मेथी निवडताहेत. पण गेल्या गुरुवारी माझ्यामुळे त्यांचा नऊ वर्षांचा नेम मोडला आणि वर त्यांचं बरंवाईट व्हायचं थोडक्यात राहिलं. तुझ्या दादाला यातलं अर्धंच ठाऊक आहे.

माझा धाकटा भाऊ ऋतुराज बायको-मुलीला घेऊन चार दिवसांसाठी आला होता. आपल्याकडे पाहुणे म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. प्रत्येकाच्या खिशात यादी. सारनाथ, रामनगरचा किल्ला, नावेतून आरती, सकाळी कचौडी आणि थंडीतलं दुधाच्या फेसाचं मलइयो. इतक्या वर्षांत मी पाहुण्यांबरोबर सारनाथला इतक्यांदा गेले आहे की तिथले फुगेवाले मला ओळखतात. आता यादीत गंगेपलीकडची रेतीही आली आहे. पाणी ओसरलं की तिथे उंट, घोडे, चहाच्या टपऱ्या, पतंग. रविवारी तर निम्मं बनारसच तिकडे असतं. तुझे बाबा मित्रांबरोबर 'बहरी अलंग'ला जायचे, तीच ही जागा. दिवसभर पोहायचं, बाटी-चोखा भाजायचा आणि उन्हं उतरली की परत. आई तेव्हाही कधी गेल्या नाहीत. बायकांना कोण नेत होतं?

आणि नंतर तर प्रश्नच मिटला. बाबांच्या पश्चात त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, मरेपर्यंत काशीची शीव ओलांडायची नाही म्हणून. सारनाथला नाही, कुणाच्या लग्नालाही नाही. पलीकडचा काठ काशीत धरत नाहीत, तिथे मरण आलं तर गाढवाचा जन्म मिळतो असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. आणि गुरुवारी सकाळी आई चपला घालून घाटावर आल्या. म्हणाल्या, मी नावेतच बसेन, घाट पाण्यावरून बघेन. छोटी रुची त्यांचा हात सोडेना. मी नको म्हणायला हवं होतं. पण पाहुण्यांसमोर मीच त्यांना नावेत बसवलं.

रेतीला नाव लागली, सगळे उतरले. मी आईंजवळ थांबले. त्यांनी चपला काढल्या आणि हात पुढे केला, मला उतरव म्हणून. मी दोनदा विचारलं, आई, आठवण आहे ना? त्या म्हणाल्या, 'मला आठवण करून देऊ नकोस, हात दे.' मी दिला. रुची उंटावर बसली, ओरडली, हसली, आणि आई टपरीवरचा चहा पीत तिच्याकडे बघत होत्या. त्यांना इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मात्र सारखी नावेकडे बघत होते.

परतताना वीस पावलांवर त्यांना धाप लागली. घामाने चेहरा ओला झाला आणि त्या रेतीतच बसल्या. समोर आपला घाट दिसत होता, वाळत घातलेल्या साड्यासुद्धा दिसत होत्या, आणि मधे एवढी गंगा. मी रडायलाच लागले. नावाडी विष्णु धावत आला, म्हणाला, 'भाभीजी, घबराइए मत, दस मिनट में घाट पर उतार देंगे.' आईंनी डोळे उघडले आणि मलाच विचारलं, 'गाढव होईन म्हणून रडतेस होय? होऊ दे. गाढवाला निदान कुठेही जाता येतं.'

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हृदयाची झडप नीट काम करत नाही. जिने नकोत, दगदग नको, लांबचा प्रवास तर मुळीच नको. तुझ्या दादाला मी सांगितलं की घाटाच्या पायऱ्यांवर चक्कर आली. लग्नानंतर त्यांच्याशी इतकं मोठं खोटं मी पहिल्यांदाच बोलले. तेव्हापासून आई जरा खोकल्या तरी मी हातातलं काम टाकून धावते.

आता तुझं-माझं. बाबांना मणिकर्णिकेवर नेलं त्या दिवशी तू घाटावरूनच परत फिरलीस. लग्न करून आलात तेव्हा बाबांनी तुला आणि कुणालला दारातून परत पाठवलं, तेव्हा आई गप्प राहिल्या, हे तुला विसरता येत नव्हतं. मला म्हणालीस, आई आधी माझ्या घरी जेवून जाईल, मगच मी त्या घराची पायरी चढेन. मी मूर्खासारखं ते त्यांना शब्दन् शब्द सांगितलं. महिन्याने त्यांनी क्षेत्रसंन्यासाचा संकल्प केला. लोक पाया पडले. त्यात भक्ती किती आणि तुझ्यावरचा राग किती, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

परवा सकाळी त्यांनीच सांगितलं. पाहुण्यांची नाव हे निमित्त होतं, शीव ओलांडायला आपले पाय धजतात का, ते त्यांना बघायचं होतं. 'एकदा मोडलं, आता पुढचं जड जाणार नाही. मुक्ताकडचं तिकीट काढ,' म्हणाल्या. मी बावीस तारखेचं काढलं आहे. रोज मोबाईलवर दाखव म्हणतात. रद्द करायला माझं मन होत नाही आणि त्यांना गाडीत बसवायची माझी छाती नाही. सव्वीस-सत्तावीस तास, मुक्ता. मधेच कुठल्या तरी स्टेशनवर काही झालं, तर मी तुला आणि तुझ्या दादाला काय तोंड दाखवू? त्या तुला कधीच ये म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते आहे. घरी येऊ नकोस, तुझा शब्द तुझ्याकडेच राहू दे. इतकी माणसं बनारस बघायला येतात, तशी ये. मुन्शी घाटाजवळ खोली घे, सकाळची नाव ठरव. पायऱ्या आईंना मना आहेत, पण विष्णु आणि त्याचा भाऊ त्यांना खुर्चीत बसवून खाली तुझ्या नावेपर्यंत आणतील, मी विचारून ठेवलं आहे. घाट कुणाच्या घरचा नाही. बावीसच्या आत ये.

तुझीच,
शरदिनीवहिनी