उभ्या ट्रकमधला प्रवास

१० नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा तेच! इंजिन नुसतं बोंबलतं, ट्रक जागचा हलत नाही. गेल्या आठवड्यात निदान फाटकापर्यंत तरी जात होता. महेंद्र मिस्तरीने गियरबॉक्सचं तेल मोजायची काडी काढली, पुसली, परत घालून पाहिली. तेल जास्त दाखवतंय म्हणाला आणि थोडं काढून टाकलं. हे तिसऱ्यांदा. जितकं काढावं तितका ट्रक जास्तच रुसतो!

मिलिटरीच्या लिलावातला जुना ट्रक. गियर आपले आपण बदलणारा, क्लच नसलेला. म्हणून तर आमच्या ह्यांनी, यशयांनी, घेतला. अपघातापासून त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही — क्लच दाबणार कशाने? हा चालला तरच ते पुन्हा ड्रायव्हर. पण असला गियरबॉक्स उघडलेला माणूस अख्ख्या नगरात सापडेना.

संध्याकाळी मात्र रोजच्यासारखे दोघं केबिनमध्ये चहा घेऊन बसलो. ते स्टेअरिंगवर, मी शेजारी. ट्रक अंगणातच उभा, पण यशया रस्ता सांगत जातात आणि मी जात राहते. आज नेवाशाला गेलो. प्रवरेच्या पुलावर ते बोलायचे थांबले — पूल संपेपर्यंत बोलायचं नाही असा त्यांचा नियम आहे. मला खरंच ओला वारा लागला! शेजारच्या कडूबाई कुंपणावरून बघून हसत होत्या. हसू देत.

११ नोव्हेंबर

माझ्या शिवणक्लासात काज शिकवत होते, मनात मात्र यशयांनी सांगितलेला सुरतेचा रस्ता. सुई बोटात गेली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

महेंद्रने हात टेकले. शनिवारी हा गियरबॉक्स उतरवायचा आणि भंगारातला क्लचवाला बसवायचा म्हणतो. "गाडी तरी चालंल, भाऊ. ड्रायव्हर ठिवा एखादा."

मला वाटलं, आता यशया भडकणार. हा माणूस आपल्या स्टेअरिंगला क्लीनरलासुद्धा हात लावू द्यायचा नाही! पण ते लगेच हो म्हणाले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

आणि मी? मला बरं वाटलं. इथे खरं लिहायला काय हरकत आहे? लग्नानंतर माझी सगळी उमर यांच्या फोनची वाट बघण्यात गेली. कुठे पोचले, जेवले का, डोळा तर लागला नसेल ना. पाय अधू झाला तेव्हा मी रडले, पण नवरा घरी आला तो तेव्हाच. आता दुसरा कुणी ट्रक नेईल, हे इथेच राहतील. देवा, मला एवढंच हवं आहे.

मग लक्षात आलं — त्या दुसऱ्या माणसाबरोबर केबिनही जाणार.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

गिरणीत सुभेदार आप्पासाहेब भेटले. नोकरीत असताना हेच ट्रक चालवायचे. मी सहज सगळी रामकहाणी सांगितली, तेल जास्त दाखवतंय हेही सांगितलं. ते हसायला लागले.

"आजून बंद इंजिनावरच मोजताय का? बंद असलं की तेल खाली उतरतं, मग काडी जास्तच दावणार. इंजिन चालू ठिवायचं, गरम हुऊ द्यायचं, दांडी सगळ्या गियरातून फिरवायची आन् मग बघायचं. काढून काढून उपाशी मारलं की हो तुमी त्याला!"

आणखी काही सांगणार होते, तेवढ्यात त्यांचं दळण आलं.

म्हणजे गियरबॉक्स धडधाकट आहे! आपल्याकडे तेल बघायचं म्हटलं की आधी चावी बंद. महेंद्रच्या हाताला तीच सवय, बिचाऱ्याचा काय दोष.

पीठ घेऊन घरी आले, पण यातलं यशयांना काही सांगितलं नाही. संध्याकाळी सुरतेला गेलो. सापुताऱ्याच्या घाटात धुकं होतं, यशयांनी काचेवर फडकंही फिरवलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. स्वतःचीच लाज वाटत होती.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगून टाकलं!

सकाळी दार उघडलं तर हे केबिनमध्ये एकटेच. दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. प्रार्थना करत होते की रस्ता सांगत होते, कळलं नाही. मला राहवेना. अहो, म्हटलं, तेल चालू इंजिनावर मोजायचं असतं.

कुणी सांगितलं, कसं कळलं, त्यांनी काही विचारलं नाही. फक्त "बरं" म्हणाले.

महेंद्रला बोलावलं. इंजिन चालू केलं, तापू दिलं. यशयांनी दांडी एकेका गियरमधून फिरवून आणली. काडी बाहेर काढली तर कोरडी! महेंद्रने स्वतःचेच कान धरले. मग तेल ओतत गेला, मोजत गेला, खुणेपर्यंत आणलं.

आणि ट्रक निघाला. म्हैस पाण्यातून उठावी तसा, आधी जरा मागेपुढे झाला आणि मग सरळ फाटकाबाहेर! पाथर्डी रोडला वळेपर्यंत मी बघत होते. यशया परत आले, उतरल्यावरही दाराची मूठ सोडीनात. आनंदाने असेल.

सोमवारची ट्रिप ठरली. घोडेगावचा कांदा, सुरत. रात्री भाकरी करताना मी दोनदा रडले. धुराचं निमित्त होतंच.

१७ नोव्हेंबर, रविवार

चर्चहून येताना सुभेदारांच्या दारात थांबले, आभार मानले. ते म्हणाले, "माझे कशाला? गाडी घेतली तवाच मी यशयाला हे तेलाचं सांगितलं हुतं की. दोनदा."

घरी आले. यशया ट्रकच्या पायरीवर बसले होते. क्लासला सुट्टी देते म्हटलं, उद्या मीही येऊ का?

"ये," ते म्हणाले. "शेजारी बस. मला लई भ्या वाटतं, दये."