नळीचा जोड

१२ नोव्हेंबर १९७४, मंगळवार
अप्पांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन नीट पार पडलं. लघवीसाठी नळी घातली आहे, दुसरं टोक खाटेला टांगलेल्या बाटलीत. प्रेमला नावाच्या सिस्टर बजावून गेल्या — "बाटली वर उचलायची नाही. नळीचा जोड सोडायचा नाही. तिथून जंतू शिरतात!" पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ असेच जंतू शिरून तापानं गेले म्हणे. साबणानं धुऊन धुऊन माझ्या हातांची सालं निघाली.
सकाळी मी आंघोळीहून येईतो अप्पांची लिंगपूजा आटोपलेली. या हालातही चुकवली नाही.

१४ नोव्हेंबर
ताप! हुडहुडी भरली. लघवी गढूळ. डॉक्टर म्हणाले, "जोड कुणीतरी सोडतंय." बघितलं माझ्याकडेच. मी तर बोटही लावत नाही! मग कोण? मी आंघोळीला जातो तेव्हा फरशी पुसायला तानाबाई असतात.

१५ नोव्हेंबर
तानाबाईंना विचारलं. विचारायला नको होतं. "आरं शाण्या, तुज्या बापाच्या नळीत माजं काय ठेवलंय? त्यास्नीच इचार की!" सगळा वॉर्ड हसला. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१६ नोव्हेंबर
इंजेक्शनं चालू. ताप तसाच. फार थकलो.

१७ नोव्हेंबर, रविवार
आज नळाला पाणी नव्हतं. तसाच परत फिरलो. अप्पा उठून बसलेले, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग. आणि नळी बाटलीतून उपटलेली — तिच्या तोंडात धोतराची चिंधी कोंबलेली!
"अप्पा! हे काय?"
"मूत गळत असताना पूजा करू व्हय?"
"अहो, जीव जाईल!"
"जाऊ दे की. पूजा सोडून जगायचं कशाला?"
मला रडू आलं. म्हणालो, "आई सांगायची, तान्हेपणी मी तुमच्या मांडीवर ओलं केलं होतं. ऐन पूजेत. तुम्ही उठला नाहीत."
मी सिस्टरना हाक मारली.
सिस्टरनी नळी, बाटली सगळं बदललं. अजून थोडे दिवस ठेवावी लागणार. तानाबाईंची माफी मागितली. "चहा पाज आता," म्हणाल्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार
आंघोळ करून आलो तर अप्पा पूजेला माझ्यासाठी थांबले होते. डाव्या हातावर लिंग घेतलं, भस्म लावलं. मग उजवा हात माझ्यापुढं केला. "धरून बस. सवयीनं नळीकडं जातोय." पूजा संपेपर्यंत धरून बसलो. खाली बाटलीत थेंब पडत होते.