गोदूच्या पंगतीत भातच वाढायचा

माझगाव, मुंबई
३ एप्रिल १९६६

ती. आयेस,
बाळाजीचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे. गोणी ओढायचा आकडा अंगठ्याला लागला होता, ती जखम भरली. आबांचा खोकला कसा आहे?

आबांनी मास्तरांच्या हातून कळवलं, लग्नाच्या पंगतीत भात वाढायचा नाही असा सरकारचा हुकूम आलाय, म्हणून गोदूच्या लग्नात रताळी उकडू. वाचून डोकं फिरलं. चिखलात उभं राहून भात लावायचा आपण, त्यातला सरकारला लेव्हीत मोजून द्यायचा आपण, आणि तुझ्या लेकीच्या लग्नात रताळी? अक्षतांना तांदूळ चालतो, पानावर चालत नाही, हा कुठला न्याय?

इथे गोदीत आम्ही परदेशातली लाल ज्वारी उतरवतो, रेशनला तीच खातो. परवा एक पुढारी मोटारीतून येऊन म्हणाले, "देशासाठी एक वेळ उपाशी राहा." म्हसळ्याचा रशीद ओरडला, "सायेब, एक वेळ कवाच सोडली हाय, आता दुसरी मागताय?" मग मोर्चा निघाला. झेंडा माझ्या हातात होता. पोलिसांनी नावं लिहून घेतली, बाकी काही झालं नाही.

हे पत्र मास्तरांकडूनच वाचून घे, तलाठ्याकडून नको.

तू भात कांडायला घे. मी दोन दिवस आधी येतो, पहिली पंगत मीच वाढणार. तलाठी आले तर त्यांनाही पान मांडा. भात कुणी वाढला विचारलं तर माझं नाव सांगा. ते तसंही लिहिलेलं आहेच.

तुझा,
बाळाजी